भरतीची वेळ

थोरला हल्ली हळू बोलायला लागला होता, आणि दाभणबाईंना हे लक्षण अजिबात चांगलं दिसत नव्हतं.

त्या घरात माणसं ओरडायची. भांडण म्हणून नव्हे, पद्धतच तशी. खाली कापूस पिंजायचं यंत्र आणि गाद्यांचं दुकान, वर राहायच्या खोल्या. यंत्र चालू असलं की मीठ मागायचं तरी गळा फाडावा लागे. त्या यंत्रानं मालकांचे, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचे, कान केव्हाच खाऊन टाकले होते, त्यामुळे यंत्र बंद असलं तरी कुणाचा आवाज खाली येत नसे. सून नवीन आली तेव्हा बिचारी तोंडातल्या तोंडात बोलायची. पुढे तीही खिडकीत उभी राहून रस्त्याच्या पलीकडचा माणूस थांबवण्याइतकी तयार झाली. नातीला तर तो गळा जन्मतःच मिळाला होता. अशा घरात पोटचा पोरगा फोन कानाला लावून, वर हाताचा आडोसा करून कुजबुजतो, म्हणजे काय?

"हळू बोलतो तो चोर तरी, नाहीतर डॉक्टर तरी," बाई सुनेला म्हणाल्या. "आणि दोघंही बोलून झाल्यावर आपलं काहीतरी काढून नेतात."

दाभणबाई हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. दाभण म्हणजे गादीच्या एका अंगानं शिरून दुसऱ्या अंगानं निघणारी ती लांब जाड सुई. कुणा जिव्हारी लागलेल्या गिऱ्हाइकानं मागे कधीतरी पाठीमागे ते नाव ठेवलं. बाईंच्या कानावर आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता याची धडगत नाही. पण बाई म्हणाल्या, "बरोबरच आहे. दाभण नसता तर तुमच्या सगळ्यांचं गाठोडं झालं असतं." तेव्हापासून ते नाव त्यांनी बक्षिसासारखं मिरवलं. दुकानाच्या पाटीवर 'मालक' म्हणून नवऱ्याचं नाव होतं, आणि बाकी सगळ्याचे मालक कोण हे पाटी न वाचताच लोकांना कळत होतं.

शाळेत बाई गेल्या त्या अक्षरं लागेपर्यंत. पुढे जोडाक्षरं आली, तशा त्या घरी आल्या. त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नसे. ज्या शब्दात जोडाक्षर नाही तो शब्द आपल्याला पुरता कळला, आणि ज्यात आहे तो शब्द लोकांनी उगाच अवघड करून ठेवलाय, असा त्यांचा सरळ हिशेब होता. याच हिशेबानं पुढे घोटाळा केला.

तर उन्हाळा लागला. उकाड्यात नवी गादी कोण घेतो? यंत्र अर्धा दिवस बंद राहू लागलं, आणि थोरल्यानं एका सकाळी चहा पिताना जाहीर केलं की या सुट्टीत सगळ्यांनी समुद्रावर जायचं. एखादं छानसं किनाऱ्याचं गाव बघायचं, आठवडाभर राहायचं.

"समुद्रात काय आहे?" बाई म्हणाल्या. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्याच्याबद्दलचं त्यांचं मत अगदी पक्कं होतं. "पाणी. तेही खारट. पिता येत नाही, खोळी धुता येत नाहीत."

"कुणाला धुतलं?" मालकांनी विचारलं.

"समुद्र, बाबा, समुद्र!" नात ओरडली. आजोबांना ती बापासारखंच बाबा म्हणायची.

"हां, समुद्र! जाऊ की!" मालक एकदम खूष झाले. त्यांना एवढं खूष झालेलं बघून बाई तेवढ्यापुरत्या गप्प बसल्या, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा थोरल्यानं होकार असा अर्थ घेतला.

मग रोज दुपारी कापड कापायच्या लांब टेबलाभोवती बैठक बसू लागली. थोरला फोनवर एकेका गावाची चित्रं दाखवी. पहिलं गाव निळ्या खिडक्यांचं. सून म्हणाली, "अय्या!" नात म्हणाली, "हेच!" बाईंनी चष्मा चढवला, आणि खिडक्या, झाडं, होड्या सगळं ओलांडून खोलीतल्या पलंगावर बोट ठेवलं.

"ही गादी मधे बसलीय."

"आई, आपण गाव बघतोय."

"झोपणार कशावर, गावावर? जे लोक चित्र काढताना गादी उलटी करून टाकत नाहीत, ते तुला जेवायला काय घालणार?"

दुसरं गाव दीपगृहाचं. तिथल्या गाद्या स्पंजाच्या निघाल्या. "स्पंज भांडी घासायला असतो," बाई म्हणाल्या, आणि ते गाव बुडालं. तिसऱ्या गावात उशा इतक्या फुगलेल्या होत्या की "यांवर डोकं ठेवलं तर हनुवटी छातीला लागेल." थोरला हसून पुढचं चित्र काढी. त्याच्या या हसण्याचंही बाईंना नवल वाटू लागलं. एरवी तिसऱ्या नकाराला हा पाय आपटत निघून जायचा. आता निमूट ऐकतो, आणि बैठक मोडली की फोन घेऊन गोदामात शिरतो. कुजबुजायला.

एके दिवशी बाई गोदामात खोळी मोजायला गेल्या होत्या. गाद्यांच्या थप्पीच्या पलीकडून थोरल्याचा आवाज आला. कापूस आवाज गिळतो, पण बाईंचे कान कापसातूनच वाढलेले.

"हो, आईला घेऊनच येतोय... नाही, तिला काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती यायचीच नाही... तेच तर, गुडघे... भरती कधी असते नेमकी?... बरं. मग भरतीच्या वेळेला तिला तिथे आणून बसवतो, आणि आम्ही जरा फिरून येतो... छे छे, एकटी बसेल ती. तिथून हलायचं नावच घेणार नाही बघा."

बाईंच्या हातातली खोळ तशीच राहिली.

भरती. जोडाक्षर नाही, काही नाही. सरळ शब्द. दुकानात भरती म्हणजे गादीत भरायचा कापूस, आणि दुकानाबाहेर भरती म्हणजे माणसाला नेऊन ठेवणं. दवाखान्यात भरती केलं, आश्रमात भरती केलं. भरती-ओहोटी हा शब्दही त्यांच्या तोंडी होता, पण तो माणसाच्या दैवासाठी. त्या शब्दाचा पाण्याशी काही संबंध असेल असं पाण्यापासून इतक्या लांब राहून मनात यायचं तरी कसं? शिवाय मनात आधीच दुसरं काहीतरी शिरलं होतं. समोरच्या गल्लीतली बटणवाली.

बटणवाली म्हणजे बटणं आणि लेसचं दुकान चालवणारी बाईंची मैत्रीण. गेल्या उन्हाळ्यात तिचे मुलगे तिला "चार दिवस हवापालट" म्हणून समुद्रावर घेऊन गेले. परत आले तेव्हा गाडीतून मुलगे उतरले, सुना उतरल्या, पोरं उतरली, शिंपल्यांची पिशवी उतरली. बटणवाली उतरलीच नाही. तिला तिथल्या कुठल्याशा निवासात ठेवून आले होते. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

बाई खोळ टाकून गोदामाबाहेर आल्या. पण सरळ विचारायचं? 'काय रे, मला टाकून येणार आहेस का?' हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले असते तर आधी त्यांनी स्वतःचंच तोंड दाभणानं शिवलं असतं. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला "थांब" म्हटलं नाही, सगळ्यांना "चल" म्हटलं, ती काय गयावया करणार? त्यांनी बटणवालीला फोन लावला.

"अगं, तू?" पलीकडून पत्त्यांचा डाव चालल्याचा गलका. "मी इकडे राणी धरून बसलेय, लवकर बोल."

"मला एक सांग. तुला भरती केलं तेव्हा..."

"तुलाही करतायत?" बटणवाली इतक्या आनंदानं किंचाळली की बाईंनी फोन लांब धरला. "ये ना गं! दोन दिवस रडू येतं, मग काही वाटत नाही. इथे कुणी उठवत नाही, कुणी काही विचारत नाही."

"काही विचारत नाही?"

"काहीसुद्धा नाही!"

बटणवालीच्या दृष्टीनं ते सुख होतं. बाईंच्या अंगावर काटा आला. कुणी काही विचारत नाही! सकाळी उठायचं, आणि कापूस किती घ्यायचा, टाका कुठे घालायचा, भाजी कुठली आणायची, हे एकाही माणसानं विचारायचं नाही. त्यापेक्षा यंत्रात हात गेलेला परवडला.

तेवढ्यात थोरल्यानं गाव ठरवून टाकलं. छोटंसं, जुनं बंदर, समुद्राला लागून बैठी घरं. बाई गादीला नाव ठेवणार एवढ्यात तो म्हणाला, "आई, गादीचं काही बोलू नकोस. या वेळी गाव नक्की." असं त्या घरात बाईंशी कुणी बोललेलं नव्हतं. सून टेबलाकडे बघत होती. सुनेला सगळं ठाऊक आहे, हे बाईंनी तिच्या मानेवरून ओळखलं.

दुसऱ्या दिवशी थोरला आंघोळीला गेला आणि फोन टेबलावर राहिला. 'खोलीवाल्या काकू', बाईंनी अक्षर अक्षर लावून वाचलं. 'वाल्या'पाशी जोडाक्षर आडवं आलं, तेही ओलांडलं. आकडे त्यांना पाठच व्हायचे. स्वतःच्या फोनवरून नंबर लावला.

"मी त्या गादीवाल्यांच्या शेजारची," बाई म्हणाल्या. "आम्हीही यायचं म्हणतो. तुम्ही म्हातारी माणसं ठेवता का?"

"ठेवतो की!" पलीकडचा आवाज मोकळाढाकळा होता. "खालची खोली त्यांच्यासाठीच आहे. दार उघडलं की चार पायऱ्या, आणि पायऱ्या संपल्या की संपलं."

"संपलं?"

"संपलं. पुढे काही नाहीच."

बाईंनी टेबलाची कड धरली. "आणि भरती कधी असते?"

"रोजच. दिवसातून दोनदा."

"दोनदा!"

"हो. पौर्णिमेला तर विचारूच नका. असा लोंढा येतो की पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते."

"अगं बाई! मग एवढं सगळं आवरता कसं?"

"आवरायचं काय त्यात? येते तशी जाते. काही वेळानं सगळं मोकळं."

"मोकळं? मागे काही राहत नाही?"

"राहतात की. शिंपले राहतात. कुणाकुणाच्या चपला."

बाई फोन ठेवायला निघाल्या. तरी ठेवता ठेवता तोंडातून निघालंच, "गाद्या कसल्या आहेत?"

"स्पंजाच्या."

"शी!" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी बाई कुणाला टोचून बोलल्या नाहीत. सुनेनं भाजीत मीठ जास्त घातलं, त्या खाऊन उठल्या. सून घाबरली. तिनं थोरल्याला खूण केली, थोरल्यानं खांदे उडवले. बाईंनी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, हिशेब जुळला.

मग त्या खाली गेल्या, सगळ्यात चांगला कापूस काढला आणि स्वतःसाठी गादी करायला बसल्या. रडत बसण्याची त्यांना सवय नव्हती. टाकून यायचं ना? या. पण दाभणबाई स्पंजावर मरणार नाही.

मालक यंत्रापाशी आले. "कुणाची ऑर्डर?"

"माझी."

"कोण माझी?"

"माझी, माझी! भरती जरा जास्त ठेवा!"

मालकांनी मुकाट्यानं कापूस वाढवला. बाई दाभण खुपसत होत्या, ओढत होत्या. कडेचे टाके एकाला एक लावून असे बसवले की मापाच्या पट्टीलाही खोट काढता आली नसती. नवऱ्याच्या पाठीकडे बघून एकदा त्यांना वाटलं, आपण नसलो तर याला कोण ओरडून सांगणार? मग तोही विचार दोऱ्याबरोबर आरपार ओढून घेतला आणि गाठ मारली.

निघायच्या आदल्या दुपारी सगळे खाली टेबलाभोवती सामान बांधत होते. कुणाची तरी शेवटची उशी राहिली म्हणून मालकांनी यंत्र चालू केलं होतं. बाई जिन्यावरून उतरल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं सुतळी बांधलेली गादीची वळकटी ओढत. ती दर पायरीला धपकन आपटत होती.

"चला!" त्या ओरडल्या. "करा मला भरती!"

"काय?" थोरला ओरडला.

"भरती! करा!"

"झाली की!" मालक उशी दाखवत ओरडले. "भरली!"

"माझी! माझी भरती! मला सगळं कळलंय! तिथे नेऊन बसवणार, तुम्ही फिरायला जाणार, आणि फिरत फिरत घरी येणार! बटणवालीचं केलं तसंच..."

इथे थोरल्यानं यंत्र बंद केलं, आणि बाईंचं शेवटचं वाक्य त्या शांततेत एकटंच उघडं पडलं. "...आणि इथे माझ्या जागी मोबाइलची कव्हरं विकणार." आवाज मधेच टाका उसवावा तसा झाला. घरातल्या कुणीच तो आवाज आधी ऐकलेला नव्हता. मालकांनाही ऐकू आला असावा, कारण त्यांनी उशी खाली ठेवली.

"आई," थोरला म्हणाला, "तुला कुणी सांगितलं हे?"

"तूच! गोदामात! भरतीच्या वेळेला तिला आणून बसवतो म्हणालास!"

थोरल्यानं आधी बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. मग तो मटकन गादीवर बसला, त्या नव्याच, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंना वाटलं, रडतोय. थोडं बरं वाटलं. पण त्याचे खांदे वेगळ्या तऱ्हेनं हलत होते.

"हसतोस?"

"नाही... थांब, थांब." त्यानं डोळे पुसत फोन काढला आणि चित्र दिसेल असा लावला. "काकू, भरती आहे का आत्ता? जरा दाखवता का? आमच्या आईला."

पडद्यावर एक गोल चेहरा आला, गेला, आणि मग चार दगडी पायऱ्या दिसल्या. खालच्या दोन पाण्यात. बघता बघता पाण्याचा एक पांढरा काठ तिसरी चढला, फुटला, घळघळत मागे गेला आणि परत आला. त्याच्यामागे नुसतं पाणी. पडदा संपेपर्यंत पाणी, आणि त्याचा आवाज दुकानभर.

"ही बघा भरती," काकूंचा आवाज आला. "अगदी दाराशी येते. ओहोटीला मात्र समुद्र पार लांब जातो, वाळूतून खूप चालावं लागतं, म्हणून तर तुमचा मुलगा सारखा वेळा विचारत होता. आई पायरीवर बसेल आणि पाय पाण्यात सोडेल, म्हणत होता."

नात म्हणाली, "आजी, हा समुद्र!"

"कळलं मला," बाई म्हणाल्या. "आंधळी नाही मी."

"अगं बाई!" फोनमधून काकू ओरडल्या. "तुम्ही त्या शेजारच्या ना? मला विचारलंत ना, भरती आवरता कशी? आणि शी म्हणून फोन ठेवलात?"

आता मात्र सून फुटली. नात फुटली. मालकांना काही कळलं नव्हतं, तरी सगळे हसतात म्हणून तेही हसले. थोरल्यानं घाईनं फोन बंद केला.

बाई उभ्याच होत्या. नाक लाल झालं होतं. पडद्यावरचं पाणी गेलं होतं, तरी त्या तिकडेच बघत होत्या.

"सरळ विचारायला काय झालं होतं?" शेवटी त्या म्हणाल्या.

"काय विचारायचं? 'आई, तुझे गुडघे दुखतात, वाळूत चालवेल का?' मागे जिन्याला कठडा लावूया म्हणालो, तर तू महिनाभर जिन्यावरून पळत उतरत होतीस. दात आवळून! दिसत होतं मला." थोरल्याचा आवाज नकळत नेहमीसारखा चढला. "तुला समुद्र दाखवायचा होता, आणि तू चालत गेली नसतीस आणि कुणाच्या आधारानंही गेली नसतीस! मग समुद्रच तुझ्याकडे येईल असं गाव शोधायला नको का? गावंच्या गावं पालथी घातली मी!"

आपला मुलगा पुन्हा ओरडतोय हे ऐकून बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. पण ते दाखवण्याची ही वेळ नव्हती. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, सुतळीची गाठ तपासली, आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, "गादी बरोबर येईल हं माझी. त्या बाईकडे स्पंज आहे." मग थोरल्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. तो उठू लागला, तर खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"ऐक. तो एवढा मोठा समुद्र. त्याला कशाची कमी नाही, कुणाची भीती नाही. तरी दिवसातून दोनदा माझ्या पायाशी येणार आहे. आणि येतो तो गल्लीभर ऐकू जाईल असा बोंबलत येतो, कुजबुजत नाही. तिथे गेलास की रोज माझ्या शेजारी बसायचंस, आणि आईशी कसं बोलायचं ते त्याच्याकडून शिकायचंस!"